१० बाय ५० ची दुर्बीण, आमची अगाशी आणि विमानांच्या पांढऱ्या रेघा : तीन महिने वापरून लिहितेय

आधीच सांगून टाकते, घेण्यासारखी वस्तू आहे, पाचपैकी साडेचार मार्क. अर्धा का कापला ते पुढे येईलच. आणि एक, बाकी सगळे रिव्ह्यू पक्षी बघणाऱ्यांचे नाहीतर ग्रह-तारे बघणाऱ्यांचे असतात, मी ही दुर्बीण घेतली ती विमानांच्या मागे जी पांढरी रेघ उमटते ना, ती बघायला. त्यासाठी कोणी रिव्ह्यू लिहिलेला मला तरी मराठीत सापडला नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

झालं असं की यंदाच्या उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, आम्ही सगळे अगाशीवर, म्हणजे गच्चीवर. बडोद्याला दांडिया बाजारात जुनं घर आहे आमचं, आजूबाजूच्या सगळ्या अगाश्या भरलेल्या, स्पीकर, लपेट लपेटचा आरडाओरडा, खाली ऊंधियू आणि जलेबी येऊन पडलेली. माझी लेक पाचवीत आहे, तिची फिरकी तिच्या दादाने पळवलेली म्हणून ती नुसती वर बघत बसलेली. एक विमान उत्तरेकडून आलं, मागे लांबच लांब पांढरी रेघ, अगदी खडूने ओढल्यासारखी. पाचेक मिनिटांत दुसरं आलं, उलट्या दिशेने मुंबईकडून वर चाललेलं, तेवढंच लहान दिसत होतं, चमकत होतं, पण मागे काही म्हणजे काहीच नाही. तिने विचारलं, आई ह्याचा धूर कुठे गेला? शेजारच्या अगाशीवरचे काका म्हणाले पहिलं जेट होतं, दुसरं साधं. त्यांच्या भाच्याने मोबाइल काढून तो फॉरवर्ड दाखवला की ही रसायनं फवारतायत म्हणून. आणि आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, जे प्रतापनगरला रेल्वेत होते, डभोईच्या छोट्या गाडीवर ज्यांनी वाफेची इंजिनं बघितलीयत, ते म्हणाले, अगं धूर नाही तो, वाफ आहे, आमच्या इंजिनाची वाफ पण डिसेंबरात पांढरीशुभ्र लांबवर दिसायची आणि मे महिन्यात धुराड्याच्या जरा वर गेली की गायब, इंजिन तेच, कोळसा तोच, पाणी तेच, हवा वेगळी.

मला ते वाक्य डोक्यात बसलं. इंजिन तेच, हवा वेगळी. पण मग एकाच दिवशी, एकाच आकाशात, पाच मिनिटांच्या अंतराने दोन विमानं वेगळी कशी? ते नीट बघायचं म्हणून दुर्बीण.

आता खरेदीचं. रावपुऱ्यात चष्मे-कॅमेऱ्याची जुनी दुकानं आहेत तिकडे गेले. दुकानाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पहिला पीस खराब निघाला आणि बदलून घ्यायला नऊ दिवस लागले, त्यावरून कुणाची बदनामी नको. दुकानदार भाई आधी ती झूमवाली दाखवत होते, बेन आ लई जाओ, छोकरां ने मज्जा आवशे. ती घेऊ नका. झूमच्या स्वस्त दुर्बिणीत काळपट दिसतं आणि बघण्याचा घेर इतका लहान की धावतं विमान सापडेपर्यंत ते पार छाणीच्या पलीकडे गेलेलं असतं. मी १० बाय ५० घेतली, साडेसहा हजाराला. १० म्हणजे दहापट मोठं, ५० म्हणजे पुढची काच ५० मिलिमीटर व्यासाची. आत प्रिझम कुठल्या काचेचे आहेत ते विचारा, बीएके-४ म्हणाले तर घ्या, बीके-७ असली तर कडेला चित्र कापल्यासारखं आणि अंधारं येतं.

पहिल्या पीसमध्ये दोन डोळ्यांची चित्रं एकावर एक बसतच नव्हती, एका विमानाची दोन दिसायची, दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं. दुकानातच हे तपासून घ्या, दाराबाहेर उभं राहून लांबच्या एखाद्या पाण्याच्या टाकीकडे नाहीतर मोबाइल टॉवरकडे बघा, मग डोळे दोन सेकंद मिटून पटकन उघडा, उघडल्यावर चित्र जर आधी दोन दिसून मग जुळत असेल तर तो पीस नको. मी हे केलं नाही म्हणून नऊ दिवस गेले. दुसरा पीस मात्र उत्तम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कृपया वाचा, सूर्याच्या जवळपास सुद्धा दुर्बीण नेऊ नका. विमानाच्या मागोमाग फिरवता फिरवता सूर्य कधी घेरात येईल कळत नाही आणि एका क्षणात डोळा कायमचा जातो. आम्ही जिन्याच्या खोलीच्या सावलीत उभं राहतो, म्हणजे सूर्य भिंतीआड, आणि लेकीच्या हातात दुर्बीण असली की मोठं कोणीतरी शेजारी असतंच.

आता दिसतं काय ते. ३५ हजार फुटांवरचं साधं एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७, पंखांचा पसारा ३५-३६ मीटर, डोक्यावर आलं की नुसत्या डोळ्यांना चंद्राच्या साधारण एक तृतीयांश रुंदीचं असतं. दुर्बिणीतून ते तीन-साडेतीन चंद्रांएवढं होतं. पंख, शेपूट, इंजिनं सगळं वेगळं दिसतं, ऊन पडलं असेल तर रंग पण. पण माझ्यासाठी पैसे वसूल झाले ते एका गोष्टीने, ती म्हणजे इंजिन आणि रेघ यांच्या मधली मोकळी जागा. नुसत्या डोळ्यांना वाटतं रेघ विमानाच्या शेपटीतूनच निघते. दुर्बिणीतून दिसतं की इंजिनाच्या मागे थोडं अंतर एकदम स्वच्छ निळं आहे आणि मग कुठून तरी दोन पांढरे दोरे सुरू होतात. तो धूर असता, फवारा असता, तर नळीच्या तोंडापासूनच दिसला असता ना! बाबांना दाखवलं तर ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, म्हणाले चहाच्या किटलीच्या चोचीपाशी बघ, अगदी तोंडाशी काही दिसत नाही, जरा पुढे गेल्यावर वाफ दिसायला लागते. तस्संच आहे ते.

म्हणजे होतं असं. विमानाचं इंधन हे शुद्ध केलेलं रॉकेलच, ते १ किलो जळलं की साधारण सव्वा किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. हे ऐकून मी पण थबकले होते, इंधनापेक्षा पाणी जास्त कसं, पण त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो. ही गरम वाफ मागे फेकली जाते, बाहेरच्या कडाक्याच्या थंड हवेत मिसळते आणि मिसळताना एका टप्प्याला हवेला एवढी वाफ पेलवत नाही, मग काजळीच्या बारीक कणांवर पाण्याचे थेंब धरतात आणि लगेच गोठतात. ती रेघ म्हणजे बर्फाच्या कणांचा ढग. पण हे व्हायला हवा साधारण उणे ४० अंश किंवा त्याहून थंड लागते. एर्न्स्ट श्मिट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये आणि अमेरिकेच्या हर्बर्ट ॲपलमनने १९५३ मध्ये हा हिशोब मांडला, अजूनही तोच वापरतात.

इथेच आपल्या बडोद्याचा मुद्दा येतो. युरोपात १० किलोमीटरवर जी थंडी मिळते ती गाठायला आपल्याकडे दीड-दोन किलोमीटर आणखी वर जावं लागतं, कारण आपण कर्कवृत्ताच्या जरा खाली, इथली हवा उंचावर पण तुलनेने उबदार. त्यामुळे विमानं जिथून जातात ती उंची आपल्यासाठी अगदी काठावरची असते, कधी चालेल कधी नाही. माझी नणंद लंडनजवळ राहते, ती म्हणते तिथे सकाळी आकाश रेघांनी विणून काढलेलं असतं. आपल्याकडे तसं रोज दिसणार नाही, पण मला वाटतं त्यामुळेच आपलं आकाश बघायला जास्त मजेचं आहे, कारण प्रत्येक विमानाला प्रश्न विचारता येतो.

तर ती उत्तरायणची दोन विमानं. मोबाइलवर फ्लाइटरडार२४ टाकलं, फुकटवालंच, त्यात विमानाचं मॉडेल आणि उंची कळते, कारण विमानं स्वतःच आपली जागा आणि उंची रेडिओवरून सांगत असतात आणि जगभर लोकांनी घरांवर लावलेले रिसीव्हर ते पकडतात. दुर्बीण घेतलीत तर हे सोबत पाहिजेच, एकट्या दुर्बिणीने अर्धीच गोष्ट कळते. त्यात आठवड्याभरात लक्षात आलं की उत्तरेकडे आणि पूर्वेकडे जाणारी विमानं ३५, ३७, ३९ हजार अशा विषम आकड्यांवर आणि दक्षिणेकडे, पश्चिमेकडे जाणारी ३४, ३६, ३८ अशा सम आकड्यांवर. हा नियमच आहे, समोरासमोर येऊ नयेत म्हणून. म्हणजे मुंबईहून वर जाणारं ३५ वर आणि मुंबईकडे येणारं ३८ वर असेल तर दोघांमध्ये ३ हजार फूट, जवळपास एक किलोमीटर, आणि वर जाताना दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. एकाला उणे ३९ ची हवा आणि दुसऱ्याला उणे ४५ ची. खालून आपल्याला दोन्ही सारखीच उंच वाटतात! शेजारच्या काकांना हे मोबाइलवर दाखवलं, दोन्ही जेटच होती, एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केलं आणि आता ते रोज संध्याकाळी सहाला कठड्याशी येऊन उभे असतात.

इंजिनाचा पण थोडा हात आहे यात. नवी इंजिनं कमी इंधनात जास्त काम करतात, म्हणून त्यांच्या मागची हवा तुलनेने कमी गरम असते आणि रेघ उलट लवकर धरते. जर्मनीत उलरिख शूमान यांच्या गटाने जुनं बोइंग ७०७ आणि नवं एअरबस ए३४० शेजारी शेजारी उडवून हे तपासलं, २००० मध्ये ते छापून आलं, एकाच उंचीवर एअरबसमागे रेघ होती आणि बोइंगमागे नव्हती. माझा समज अगदी उलटा होता, जुनं इंजिन म्हणजे जास्त धूर म्हणजे जास्त रेघ.

दुसरी गोष्ट रेघेच्या लांबीची, आणि यासाठी दुर्बिणीपेक्षा धीर जास्त लागतो. काही रेघा विमानाच्या मागे बोटभर असतात, विमान पुढे सरकतं तशी मागून पुसली जाते. काही पाऊण पाऊण तास राहतात, रुंद होतात, पिंजलेल्या कापसासारख्या. दोन्ही ठिकाणी थंडी पुरेशी होती म्हणूनच रेघ झाली, फरक आहे तो वरच्या हवेच्या ओलाव्याचा. कोरडी हवा असेल तर बर्फाचे कण लगेच उडून जातात. ओली असेल तर टिकतात, उलट हवेतला ओलावा ओढून वाढतात. आणि बर्फाला पाण्यापेक्षा कमी ओलावा पुरतो, उणे ४० ला पाण्याच्या मापाने ६८ टक्के ओली असलेली हवा बर्फाच्या मापाने काठोकाठ भरलेली असते. म्हणजे तिथे स्वतःहून ढग धरत नाही, आकाश निळंच दिसतं, पण विमानाने एकदा बर्फाचे कण टाकले की ते जात नाहीत. असे ओले थर आडवे शेकडो किलोमीटर पसरलेले असले तरी जाडीला बरेचदा काहीशे मीटरच असतात, म्हणून एकाची रेघ तासभर आणि त्याच्या हजार फूट खालून गेलेल्याची बोटभर. १० मिनिटांपेक्षा जास्त टिकलेल्या रेघेला जागतिक हवामान संघटनेने २०१७ पासून ढगांच्या यादीतच घेतलंय, सिरस होमोजेनिटस असं नाव आहे. लेकीने वहीत ते नाव तीनदा लिहून काढलं.

फेब्रुवारीत एका शनिवारी असा योग आला. सकाळी सातला पहिली रेघ, पुसलीच नाही. दुसरी तिला छेदून. नऊपर्यंत पाच-सहा रेघा झाल्या, पहिल्या दोन पसरून एकमेकींत मिसळल्या, आणि दुर्बिणीतून त्यांच्या खालच्या कडेला बारीक बारीक झालरी लोंबताना दिसत होत्या, बर्फ खाली पडत होता आणि पडता पडता नाहीसा होत होता. आम्ही नाश्ता वरच नेला. त्यादिवशी हवामान खात्याच्या नकाशात उत्तरेला पश्चिमी झंझावात येत होता, त्याच्या पुढे पुढे वरच्या थरात ओलावा आधी पोचतो. दुसऱ्या दिवशी खरंच अख्ख्या आकाशावर पातळ ढग होते, पाऊस काही आला नाही.

ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांच्यासाठी, अहमदाबादहून हवामान खातं फुगा सोडतं, त्याची पहाटे साडेपाचच्या वेळेची मापं इंटरनेटवर मिळतात, कुठल्या उंचीला किती तापमान ते सगळं. मी सकाळी चहा घेताना त्यात उणे ४० कुठल्या उंचीला आहे तेवढं बघते आणि लेकीला सांगते आज ३६ हजाराच्या वर. मग ती दिवसभर तपासते. बरेचदा जमतं. ओलाव्याचे आकडे मात्र तेवढ्या उंचीला फार भरवशाचे नसतात, त्यामुळे रेघ टिकेल का हे सांगता येत नाही, होईल का एवढंच.

आणि आपलं सी-२९५, हवाई दलाचं मालवाहू विमान, ज्याचा टाटांचा कारखाना २०२४ च्या ऑक्टोबरात बडोद्यात सुरू झाला, त्याबद्दल लेकीच्या वर्गात चर्चा झाली की ते रेघ का नाही काढत. ते पंख्याचं विमान आहे, इतकं उंच जातच नाही, खालची हवा उबदार. हरणीच्या विमानतळावर उतरणाऱ्यांचं पण तेच.

आता तक्रारी. वजन. जवळजवळ पाऊण-एक किलो हातात धरून मान वर करून पाच मिनिटं उभं राहणं कठीण, बाबांचे हात थरथरतात त्यामुळे त्यांना चित्र स्थिर दिसतच नाही. उपाय म्हणजे आरामखुर्ची, पाठ टेकून कोपर खुर्चीच्या हातावर, किंवा स्टँडला जोडायचा तुकडा वेगळा घ्यायचा. तो दुकानात नव्हता, मागवावा लागला, तो डब्यातच द्यायला हवा होता, माझा अर्धा मार्क तिथे गेला. दुसरं, पांढऱ्या विमानाच्या कडेला जांभळट किनार दिसते, या किमतीत ती असणारच, रेघा बघायला त्रास होत नाही. तिसरं, चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचं रबर दुमडता येतं का ते बघून घ्या, बाबांना चष्मा लावून पूर्ण घेर मिळतो.

रंगांचं एक राहिलं. सूर्य मावळायच्या सुमारास, खाली आपल्याकडे सावली आणि वर अजून ऊन, तेव्हा रेघ केशरी होते. दुपारी बाराला तीच रेघ पांढुरक्या आकाशात हरवते. आणि आता एप्रिल लागला, धुळीने आकाश दुधाळ, विमानच नीट दिसत नाही तर रेघ कुठली. त्यामुळे ‘आज रेघ नाही’ असं म्हणण्याआधी ती झाली नाही की आपल्याला दिसली नाही हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे आम्ही वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहितो. पावसाळ्यात तर खालच्या ढगांनी सगळंच झाकलं जाईल. घ्यायची असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्या, चार-पाच महिने भरपूर वापर होईल.

त्या रसायनांच्या फॉरवर्डबद्दल मी काकांच्या भाच्याला भांडून नाही समजावलं, दुर्बीण हातात दिली आणि ती मोकळी जागा दाखवली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ७७ तज्ज्ञांना विचारलं होतं, त्यातल्या ७६ जणांनी गुप्त फवारणीचा काही पुरावा दिसला नाही असं सांगितलं. काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टीची करावी असं मला मनापासून वाटतं. टिकणाऱ्या रेघा पसरून पातळ ढग होतात आणि ते ढग जमिनीची उष्णता, विशेषतः रात्री, वर जाऊ देत नाहीत. विमानांच्या कार्बन डायऑक्साइडइतकाच किंवा त्याहून जास्त परिणाम या रेघांचा असावा असा अंदाज आहे, आकड्यात अनिश्चितता बरीच आहे. पण ओला थर पातळ असतो म्हणूनच तो टाळता येतो. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० उड्डाणांत उंची थोडी बदलून बघितली तर रेघा ५४ टक्क्यांनी कमी झाल्या. थोडं इंधन जास्त लागतं. आपल्याकडच्या कंपन्यांनी पण हे करून बघावं असं मला फार वाटतं.

सयाजीबागेतल्या तारांगणात जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना सांगेन, दुर्बिणीसाठी अंधाराची वाट बघू नका, दिवसा पण काम देते. डब्यातली मऊ पिशवी पातळ आहे, जाड कापडाची शिवून घ्या, आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी येते. आमच्याकडे अजून लेक रोज संध्याकाळी वर जाते, धूळ असली तरी. काल ४१ हजारावर एक मोठं विमान पूर्वेकडे गेलं, ती ओरडली आई बोटभर आहे, बोटभर आहे, आणि मी पोचेपर्यंत पुसून गेली होती.